भरलेली बाटली

आमच्या बीड जिल्ह्यात दोन अनोळखी माणसं एका बाकड्यावर बसली, की पाच मिनिटांत त्यांचे पाहुणे निघतात. "गाव कोणतं म्हणायचं?" इथून सुरुवात. मग मामाचं गाव, मग बहीण कुठं दिली, मग साडूचा भाऊ कुठं नोकरीला, आणि शेवटी एकदम, "अहो, म्हणजे तुमी आमचेच की!" माझे सासरे या कामात इतके तरबेज, की एसटीचा कंडक्टर तिकीट देईपर्यंत त्यांनी त्याला नात्यात घेतलेलं असतं. मला त्याचं हसू यायचं, कौतुकही वाटायचं. त्याच कौतुकापायी मी माझ्या अडीच वर्षांच्या पोरीला दीड महिना तहानलेली ठेवली. हे लिहितानाही माझा मलाच संताप येतो.

आम्ही परळीत राहतो. नवरा थर्मल वीज केंद्रात, त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. मी सरकारी दवाखान्यात नर्स. पोरगी झाली तेव्हापासून तिला माझ्या सासूबाईंनीच सांभाळलं. त्यांना मी आत्या म्हणते. सासरे चौसाळ्याला शेती आणि छोटंसं दुकान बघत, आणि आत्या इथं आमच्याजवळ. मी सकाळी डब्यात पोळी-भाजी भरायची, पोरीचा मुका घ्यायची आणि निघायची. ती काय खाते, किती झोपते, कशानं रडते, हे सगळं आत्यांच्या खात्यावर. मी संध्याकाळी विचारायची, "त्रास दिला का?" त्या म्हणायच्या, "मला कुठला त्रास देती ती?" संपला विषय.

संक्रांतीनंतर माझ्या नणंदेला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, त्यात दुसरा विचार नाही. आत्यांना चौसाळ्याला जावंच लागणार होतं. जायच्या दिवशी त्या पोरीला कडेवर घेऊन अंगणात उभ्या होत्या, खाली ठेवायलाच तयार नव्हत्या. "माझी लेक सांभाळू का तुझी?" असं हसत म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. पोरगी त्या पदराचं टोक धरून होती. मुठीतून ते सोडवायला आम्हाला दोघींना लागावं लागलं.

तर पोरीला दिवसभर ठेवायचं कुठं, हा प्रश्न पडला. मी नर्स, त्यामुळे मला वाटलं की हे काम मी सगळ्यांपेक्षा चांगलं करीन. दुपारी जरा निवांत वेळ मिळाला तेव्हा केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहून काढले. एका बाईकडं किती पोरं असतात? झोपवता कुठं, सतरंजीवर का गादीवर? संडास किती लांब, आणि तिथं पोरासोबत कोण जातं? पाणी कुठलं, आणि किती वेळा देता? पोरगं आजारी पडलं तर आधी फोन कुणाला? असे आठ. खाली दोन रेघा मारल्या. माझ्याच हुशारीवर मी खूश होते.

सगळे म्हणत होते ते एकच ठिकाण, हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावरचं. जिन्यात हत्ती, फुलपाखरं काढलेली, आत घसरगुंडी, भिंतीवर कॅमेरा. आईबापांना मोबाईलवर पोरं दिसतात म्हणे. नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून सासरे चौसाळ्याहून खास आले. मी त्यांना मामा म्हणते. येताना पिशवीत हुरडा आणला होता आणि डोक्यावर धुतलेली टोपी. स्थळ बघायला निघाल्यासारखा थाट. मी वाटेत म्हटलं, "मामा, मला तिथं काही गोष्टी विचारायच्या आहेत." ते म्हणाले, "विचार की. आपण कुणाला भितो काय?"

संचालिका बाई पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची साडी, खांद्यावर पदर पिनेनं पक्का. त्यांनी खुर्च्या दिल्या. मी पर्समधून कागद काढला, घडी उलगडली, तोंड उघडणार तेवढ्यात मामा म्हणाले, "बाई, तुमचं माहेर कोणतं म्हणायचं?"

झालं! बाईंचं माहेर घाटनांदूरकडचं. मामांचे डोळे चमकले. घाटनांदूरला त्यांची मावसबहीण दिलेली. मग तिचा दीर निघाला, त्या दिराची सून निघाली, आणि ती सून म्हणजे या बाईंची सख्खी पुतणी! दोघांनी एकदमच "अगं बाई!" आणि "आरं तिच्या!" केलं. बाई उठल्याच. "म्हणजे ही आमचीच सून म्हणायची की! मला मॅडम म्हणू नकोस गं, मावशी म्हण." मी कागद हातात तसाच धरून वाकले आणि पाया पडले.

पुढं चहा आला, पोहे आले. घाटनांदूरच्या कुणाच्या तरी लग्नात पंगतीत काय काय कमी पडलं होतं, ते निघालं. पोरगी माझ्या मांडीवर बसून टकमक बघत होती. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा "झोपायची व्यवस्था..." म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "आता काय, आजीच्या घरी हाय ती, काळजी कसली?" मामा म्हणाले, "काळजीच मिटली!" निघताना मावशींनी मला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, आणि खण-नारळानं माझी ओटी भरली. आता सांगा, जिनं लेकीसारखी ओटी भरली तिला कोणत्या तोंडानं विचारायचं, की बाई तुमचा संडास दाखवा? नारळ ओटीत धरून मी त्या हत्तीच्या जिन्यानं खाली उतरले. कागद पर्समध्ये परत गेला. मामा वाटभर खुशीत होते. "बघ, घरच्यासारखं झालं काम," म्हणाले. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

पहिला आठवडा पोरगी रडली. सगळीच रडतात. मग थांबली. मी दुपारी दवाखान्यात मोबाईल उघडून बघायची. इतर पोरं लोळतायत, घसरगुंडीवर चढतायत, आणि आमचं ध्यान सतरंजीच्या कडेला गुडघे जुळवून गप्प बसलेलं. मी बाजूच्या सिस्टरला दाखवायची, "बघ, किती शहाणी बसते!" पिवळ्या फ्रॉकमधले ते जुळवलेले गुडघे मी रोज बघितले. रोज. पेशंटच्या नुसत्या बसण्यावरून त्याला कुठं दुखतंय ते ओळखणारी मी, माझ्या पोरीच्या बसण्याचं कौतुक करत होते.

आणि ती पाण्याची बाटली. सकाळी मी काठोकाठ भरून द्यायची, संध्याकाळी ती काठोकाठ भरलेली परत यायची. मला वाटायचं मावशी घरी पाठवताना पुन्हा भरून देतात. मी आत्यांना फोनवर सांगितलंसुद्धा, "आत्या, मावशी किती करतात बघा, वाटेत लागेल म्हणून बाटलीसुद्धा भरून देतात." आत्या म्हणाल्या, "पाव्हण्यातलं माणूस ते, करणारच."

मार्च लागला तशी परळीची उन्हं तापली. दोरीवरचे कपडे तासाभरात वाळायचे आणि पुढच्या तासात त्यांच्यावर थर्मलची राख बसायची. एका संध्याकाळी पोरगी घरी आली ती अंग तापलेलं घेऊनच. सकाळपर्यंत फणफणली. शू करताना किंचाळली. मी तिला उचलून आमच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या रोजच्या ओळखीतले. तपासलं, लघवी तपासायला पाठवली, रिपोर्ट बघितला आणि मला म्हणाले, "सिस्टर, पोरगी दिवसभरात पाणी किती पिते?"

मी रोज वीस बायांना हेच विचारते. मोठ्या आवाजात विचारते, वर दटावते, "स्वतःच्या लेकराचं तुला माहीत नाही?" म्हणून. त्या बाया मान खाली घालतात. त्या दिवशी मी घातली. बाजूला दोन सिस्टर उभ्या होत्या, एक वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. मग ती भरलेली बाटली डोळ्यांपुढं आली.

दोन दिवसांनी ताप उतरला. पोरीजवळ नवरा थांबला आणि मी भर दुपारी, फोनबिन न करता, तो हत्तीचा जिना चढले. मावशी म्हणाल्या, "अगं ये ये, चहा ठेवते." मी म्हटलं, "चहा नको. मावशी, पोरांना शूला कुठं नेता?" त्यांना प्रश्न नीट कळलाच नाही. मग कळला. संडास खाली, हार्डवेअरच्या मागं, दुकानदाराच्याच वापरातला. दिवसातून दोनदा सगळ्यांना रांगेनं नेतात. मधे कुणी मागितलं तर? "मधे कोण जिना उतरणार गं? दोनच टीचर हायेत. पाणी डब्याबरोबर घोटभर द्यायचं, म्हणजे प्रश्नच येत न्हाई. पोरं शिकतात की धरायला." हे सगळं त्या अगदी सहज सांगत होत्या. लपवत काहीच नव्हत्या. मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर तेव्हाही असंच सांगितलं असतं. तेच मला जास्त लागलं.

वर म्हणाल्या, "तुझी पोरगी तर लई गुणाची. पैल्या आठवड्यात जरा वांड होती, सारखी येऊन माझा पदर ओढायची. पिन निघायची माझी. दोनदा हातावर चापटी दिली, मग कधी ओढला न्हाई बघ."

मी म्हटलं, "मावशी, पोरगी आजारी पडली. पाण्यावाचून पडली. मी तिला इथं पाठवणार नाही." मावशींचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पाण्यावाचून? आगं, मी तुझी ओटी भरली होती! परक्याचं न्हाई समजलं तुला!"

"ओटी माझी भरली मावशी, पाणी पोरीला द्यायचं होतं," मी म्हणाले आणि उतरले.

घरी येऊन आत्यांना फोन लावला. सगळं सांगितलं. रागाच्या भरात ते पदराचंही सांगून टाकलं, की म्हातारीची पिन महत्त्वाची, पोरीला चापट्या मारल्या.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "पदर ओढला की तिला शूला न्यायचं असतं. मीच लावली तिला सवय. बोलता येत न्हवतं तवापासून. ती पदर ओढती, आपण उठायचं. तुला ठावं न्हवतं?"

त्यांनी टोचून नाही विचारलं. टोचून विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. मला ठाऊक नव्हतं. आणि मग एक सकाळ आठवली. मी ड्युटीला निघाले होते, उशीर झालेला, पोरीनं येऊन माझी इस्त्रीची ओढणी धरून ओढली होती आणि मी "सोड गं, चुरगळते!" म्हणून तिचा हात झटकला होता. चापट नव्हती एवढंच. मावशींवर मी कोणत्या तोंडानं ओरडून आले? स्वयंपाकघरात खाली बसून मी ढसाढसा रडले. नवरा दारात येऊन उभा राहिला, त्यानं पाण्याचा पेला पुढं केला. त्यावर मी आणखीच रडले.

मामांना हे सगळं कळलं तेव्हा ते आधी भडकले ते माझ्यावर. "पाव्हण्यात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस! काहून एवढं बोललीस? पोरगी आजीसाठी झुरती असं सांगून काढून घ्यायची होती गुपचूप." चार दिवस फोनवर आले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतः दारात. पोरगी आजारानं निम्मी झालेली. तिला त्यांनी मांडीवर घेतलं, मनगट दोन बोटांत धरून बघितलं आणि टोपी काढून बाजूला ठेवली. "माझंच चुकलं," म्हणाले. "मी माहेर विचारत बसलो." आमच्या मामांच्या तोंडून असं वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी फरशी पुसणाऱ्या वॉर्डातल्या मावशींनीच मला दुसरं ठिकाण सांगितलं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेल्या एक बाई, आता घरीच पाच-सहा पोरं सांभाळतात. घर निळ्या झेंड्याच्या वस्तीत, दोन खोल्या, पुढं पत्रा, त्याखाली अंगण. मामा म्हणाले, मी येतो. मी दम भरला, "मामा, पाव्हणे काढायचे न्हाईत." ते म्हणाले, "न्हाई काढत, बाई." खरं तर तिथं पाहुणे निघणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. आमच्याकडं नाती कुठल्या वस्तीच्या अलीकडं थांबतात, हे सांगावं लागत नाही. उंबऱ्यावर मामा जरा थबकले, हे मी बघितलं. मग चप्पल काढून आत आले.

बाई साठीच्या, काळ्यासावळ्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, हात कणकेनं भरलेले. एक पोर पायाशी, एक भिंतीला टेकून पेंगत होतं. त्यांनी हात धुतले, तांब्या-पेला आणला. आधी पोरीला पाणी दिलं, मग आम्हाला. मामांनी पेल्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. ती दोन्ही हातांनी पेला धरून पीत होती. त्यांनी आपला पेला उचलला, सगळा संपवला, आणि म्हणाले, "आणखी हाय का? गोड हाय पाणी."

मी पर्समधून तो जुना कागद काढला. घडीवर फाटत आला होता. म्हटलं, आज एक प्रश्न सोडायचा नाही. पण बाईंनीच आधी विचारलं. माझं गाव नाही, माहेर नाही, नवऱ्याची नोकरी नाही. पोरीच्या समोर उकिडवं बसून, तिच्याकडं बघतच मला म्हणाल्या, "हिला शू लागली की ही काय करती?"

माझ्या आठ प्रश्नांत हा नव्हता. आणि महिन्याभरापूर्वी मला त्याचं उत्तरही देता आलं नसतं. मामा तिकडं टोपीशी चाळा करत होते. मी म्हटलं, "पदर ओढते."

बाई नुसतं "हां" म्हणाल्या. उभ्या राहिल्या, कमरेला खोचलेला पदर सोडला, आणि तो तसाच लोंबता ठेवून पुन्हा कणकेच्या परातीशी जाऊन बसल्या. पदराचं टोक जमिनीला लागत होतं. पोरगी बघत राहिली. बराच वेळ जवळ गेली नाही. मी कागद घडी करून ठेवून दिला. बाकीचे प्रश्न मी विचारले, पण ते दुसऱ्या दिवशी, सावकाश, आणि त्यांनी संडास, गाद्या, पाण्याचा माठ सगळं उघडून दाखवलं.

पदर ओढायला पोरीला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस बाई भाकरी थापताना, झाडताना, पोरांचं आवरताना पदर लोंबता ठेवून होत्या. माझ्याशी त्या कधी बोलल्या नाहीत याबद्दल. मला वॉर्डातल्या मावशींकडून कळलं, की चुलीपाशी एकदा टोक जळालंसुद्धा. दहाव्या दिवशी संध्याकाळी घ्यायला गेले तर दारातूनच ओरडल्या, "ओढला गं आज!"

घरी येऊन मी बाटली उपडी केली. एक थेंब पडला.

हार्डवेअरवरच्या मावशींकडून त्यानंतर कुठल्याच लग्नकार्याची पत्रिका आली नाही, येणारही नाही. मामांना ते अजून सलतं. नणंदेला मुलगा झाला, आत्या पावसाळ्यात परत येतील. पण मला सांगायचंय ते वेगळंच. परवा मी कामावरून येऊन तशीच, कपडे न बदलता, भाजीला फोडणी देत होते. मोहरी तडतडायला लागली होती. मागून ओढणीला ओढ बसली. मला वाटलं दाराच्या कडीत अडकली. वळून बघितलं तर पोरगी. ओढणीचं टोक मुठीत, आणि मी हात झटकते की काय म्हणून डोळे बारीक करून उभी.

मी गॅस बंद केला आणि तिच्यासोबत गेले.